शंभरात अकरा

पाहुण्यांच्या घोळक्याला प्रयोगशाळा दाखवत दाखवत सर तिच्या टेबलापाशी आले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आणि या आमच्या रंगवणाऱ्या ताई." पाहुणे हसले, एकानं मान लववली आणि सगळे पुढे सरकले. पुढे कोपऱ्यात उणे ऐंशी अंशांचा फ्रिज होता. त्याची ओळख बराच वेळ चालली. तो कधी आला, वीज गेली तर किती तास तग धरतो, त्याच्या पोटात किती हजार नमुने आहेत, सगळं सरांनी हौसेनं सांगितलं. ती हातमोज्याच्या बोटांवरचा तपकिरी डाग बघत उभी राहिली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिच्या वाट्याला पाच शब्द आले होते आणि फ्रिजला दहा मिनिटं. फ्रिजबद्दल तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो बिचारा मुकाट्यानं आपलं काम करत होता. पण त्या पाच शब्दांनी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि चेहऱ्यावर त्यातलं काहीच उमटलं नाही. चेहऱ्याला सवय होती. पाहुणे जिना उतरून गेल्यावर तिनं मोजे काढून टाकले, हात धुतले आणि स्टूल सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं.

ती रंगवायची, हे तर खरंच होतं. पोटावरच्या चरबीचा हरभऱ्याएवढा तुकडा सुईनं काढून रुग्णालयातून यायचा, त्याचा मेणात ठोकळा व्हायचा, शेजारच्या खोलीतली धाकटी त्या ठोकळ्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर घ्यायची, आणि तिथून पुढचं सगळं हिचं. धाकटी हे नाव प्रयोगशाळेनं ठेवलेलं. आता ती चाळिशीला आली होती, दोन मुलांची आई होती, पण हिच्या हाताखाली शिकली म्हणून धाकटीच राहिली. रंगवलेली काच भिंगाखाली धरली की चरबीच्या पेशी मोठ्या, गोल आणि आतून रिकाम्या दिसायच्या, कारण आतली चरबी आधीच्या खटाटोपात धुऊन निघालेली असायची आणि उरायची ती नुसती जाळी. त्या जाळीत मधूनच एखादा गोल मेलेला असायचा आणि त्याच्याभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं. ते ठिपके म्हणजे भक्षक पेशी, शरीराच्या राखणदार. जंतू आला की धावून जायचं, गिळायचं, काम झालं की पांगायचं, हे त्यांचं नेमून दिलेलं काम. पण माणसाच्या पोटावर चरबी साठत गेली, पेशी फुगून फुगून मरायला लागल्या, की हे राखणदार तिथे जमतात आणि मग उठायचं नाव घेत नाहीत. समोर शत्रू कोणी नसतो. तरी ते आपली रसायनं सोडत राहतात, आणि पुढे स्नायू आणि यकृत इन्सुलिनचा निरोप ऐकेनासे होतात. साखर रक्तातच फिरत राहते. यात ताप येत नाही, काही ठणकत नाही, बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. डॉक्टर याला मंद दाह म्हणतात. हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हसली होती. आपल्याला कोणीतरी नेमकं ओळखलं असं तिला वाटलं होतं. तिची स्वतःची साखर नऊ वर्षांपूर्वी निघाली, आणि तेव्हा सरांनी चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत सल्ला दिला होता की ताई, आता बिस्किटं जरा बेतानं. ती त्या दिवशी बिस्किट खातही नव्हती.

हे सगळं सुरू झालं बावीस वर्षांपूर्वी. सर तेव्हा नवे होते, केस काळे होते, आणि बोलताना खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवायची त्यांना खोड होती. मधुमेह झालेल्या माणसांच्या चरबीच्या काचा ती रंगवत होती आणि तिला ही कडी दिसली. पहिल्या दिवशी तिला वाटलं रंग बिघडला. तिनं सगळी द्रावणं नवी केली, काचा पुन्हा रंगवल्या. कडी पुन्हा दिसली. ज्यांना साखर नव्हती त्यांच्या काचांवर क्वचित कुठे, आणि साखरवाल्यांच्या काचांवर जागोजाग. आठवडाभर ती जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही. मग सोमवारच्या बैठकीत, पंधरा माणसांसमोर, तिनं काचांचा ट्रे सरांपुढे ठेवला आणि जे दिसलं ते सांगितलं. सरांनी एक काच भिंगाखाली धरली, अर्धं मिनिट पाहिली. "ताई, ही तुमच्या रंगातली घाण आहे. काचा नीट धुवत चला." कोणीतरी फिसकन हसलं. फुटक्या काचांच्या डब्यात टाका हे, असं सरांनी शिपायाला सांगितलं, आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली. दोन वर्षांनी, वरच्या मजल्यावरच्या लांब भिंतीवर सरांच्या शोधाचं भलंमोठं पोस्टर लागलं. मधोमध एका काचेचं छायाचित्र होतं, आणि त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कापाला एक बारीकशी घडी पडलेली होती. ती घडी तिच्याच हातून, त्या ट्रेमधल्या एका काचेवर पडली होती; तेव्हा कापही तीच काढायची. काप पाण्यावरून काचेवर घेताना कोणीतरी हाक मारली म्हणून तिचा हात हलला होता, त्या दिवशी तिनं स्वतःला चार शिव्या घातल्या होत्या, आणि आता ती घडी हातभर मोठी होऊन भिंतीवर टांगली होती. जगात इतर ठिकाणीही तेव्हा लोकांना हेच दिसायला लागलं होतं, त्यामुळे शोध आपला, असा दावा तिनं मनातल्या मनातसुद्धा कधी केला नाही. पण या इमारतीत ते पहिल्यांदा पाहिलं तिच्या डोळ्यांनी, आणि पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात आभार मानले होते ते 'तांत्रिक साहाय्याचे'. तिथे साहाय्याला नाव नव्हतं. ती पोस्टरसमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. मग खाली येऊन तिनं दिवसभराच्या काचा रंगवल्या, एकही बिघडली नाही.

घरी गेल्यावर तिनं दादाला सांगितलं होतं. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दादानं आईच्या आजारपणात राहून गेलं म्हणून, आणि हिनं दादाकडे बघून. दादानं डोळ्याचं भिंग न काढता सगळं ऐकलं आणि म्हणाला, जाऊ दे, तुला तिथेच नोकरी करायचीये. तिनं जाऊ दिलं. म्हणजे तोंडावाटे काही जाऊ दिलं नाही, इतकंच. पुढच्या वीस वर्षांत सर मोठे झाले, विभागाचे प्रमुख झाले, परदेशी जाऊन त्या कड्यांवर भाषणं देऊन आले. ती प्रत्येक वेळी त्यांना नव्या काचा रंगवून देत गेली, आणि रंगवताना तिला रोज थोडंथोडं जळल्यासारखं व्हायचं. मोठा भडका कधी उडालाच नाही. उडाला असता तर बरं झालं असतं, असं तिला आता वाटायचं. एकदा कडाडून भांडण झालं असतं, नोकरी गेली असती, दुसरीकडे लागली असती. भडक्याचा निकाल लागतो, आणि हे जे आत मंदपणे चाललं होतं त्याचा निकाल लागत नव्हता. दादाची साखर तिच्याही आधीची. बोटांना सुई टोचलेली कळेना, मग डोळ्यांच्या मागे रक्ताचे बारीक ठिपके निघाले, घड्याळातले स्क्रू दिसेनासे झाले. दुकान बंद झालं. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. दादानं त्यावर विनोद केला की आता बूट एक नंबर लहान घ्यायला हरकत नाही. ती हसली नाही म्हणून तो दुखावला होता.

आणि आता ही गोळी आली होती. भक्षक पेशींना त्या मेलेल्या चरबीपासून हुसकावून लावणारी, निदान सरांचं म्हणणं तसं होतं. अडतीस रुग्णांना ती बारा आठवडे द्यायची, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा पोटाची चरबी काढायची आणि शंभर चरबीपेशींमागे किती कडी ते मोजायचं. कडी कमी झाली तर गोळी लागू पडली, आणि निकाल लागेपर्यंत रुग्णांना ती चालूच ठेवायची होती. दादा त्या अडतिसांत होता. रुग्णालयातल्या डॉक्टरनंच त्याला घेतला, सरांना त्याचा पत्ताही नव्हता, आणि ती बोलली नाही. गोळी सुरू झाल्यापासून दादा खुशीत होता. पाय हलके झालेत म्हणायचा. सकाळी तीन चौक चालून यायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, तुझे सर काही का असेना, डोक्यानं तल्लख आहेत. 

मोजायचं काम तिच्याकडे आलं. शहात्तर काचांवरचे क्रमांक पट्टी लावून झाकलेले होते. कुठली काच आधीची, कुठली नंतरची, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून. खरं तर मोजायला दोघं लागतात, एकमेकांपासून लपवून मोजतात आणि मग आकडे ताडून बघतात, तसा नियमच होता. पण दुसरा मोजणारा आजारपणाच्या रजेवर गेला, सरांना पाहुण्यांना लवकर निकाल कळवायची घाई होती. ताईंची नजर म्हणजे शेवटचा शब्द, असं म्हणून त्यांनी ते उडवून लावलं. बावीस वर्षांत सरांकडून तिच्या वाट्याला आलेली ही पहिली शाबासकी, आणि तीसुद्धा नियम मोडायला. पाहुणे फ्रिज बघून गेले त्या सकाळी ती पहिल्या काचा घेऊन बसली. सातव्या काचेवर तिला रेघ दिसली. कापावरून आरपार गेलेली केसाएवढी सरळ रेघ. कापणाऱ्या पात्याला कुठे बारीकसा दात पडला की त्याखालून निघालेल्या प्रत्येक कापावर त्याच जागी अशी रेघ उमटते. नवी पाती वेळेवर आली नव्हती, धाकटी जुन्याच पात्यावर भागवत होती, हे तिला ठाऊक होतं. तिनं उरलेल्या सगळ्या काचा नुसत्या उजेडाकडे धरून भराभर चाळल्या. रेघ असलेल्या अडतीस. नसलेल्या अडतीस. ती स्टुलावर मागे टेकली. धाकटीनं दोन बैठकांत काप काढले होते, आधी एक खोका, मग दुसरा, आणि मधल्या वेळात पात्याला दात पडला. पातं वापरून झिजतं. म्हणजे रेघ असलेल्या काचा नंतरच्या. झाकलेले क्रमांक कोणी उघडून वाचून दाखवावेत तसं सगळं तिच्यापुढे आलं.

त्या क्षणी तिच्या मनात आलं ते तिला नीट आठवतं, कारण त्यात गोंधळ मुळीच नव्हता. आता तुमच्या गोळीचा निकाल माझ्या हातात आहे, सर. रेघेच्या काचांवर कडी वाढवायची, बिनरेघेच्या काचांवर कमी करायची. बारा आठवडे गोळी खाल्ली आणि दाह वाढला, असा आकडा बाहेर येईल. गोळी मरेल. गोळीबरोबर सरांचं पुढचं अनुदान, निवृत्तीच्या आधीचा तो मोठा मान, पाहुण्यांसमोरचं ते मोकळं हसू, सगळं तोंडावर पडेल, आणि कोणी विचारलंच तर ती म्हणेल, रंगातली घाण असेल, सर. हे वाक्य तिनं मनात इतक्या वेळा म्हणून पाहिलं की त्याला चव आली. दादाचं तोंड डोळ्यांपुढे येऊन गेलं, नाही असं नाही. दादाला गोळी बंद होईल. पण गोळी चालत असती तर त्याची साखर एव्हाना उतरली नसती का, असं तिनं स्वतःला विचारलं. पाय हलके होणं हे काही माप नव्हे. असल्या प्रश्नांची उत्तरं माणूस आधीच ठरवून ठेवतो. तिनं भिंग जुळवलं.

नऊ दिवस ती मोजत होती. डाव्या हातात मोजणीचं यंत्र, अंगठ्याखाली त्याचं बटण, उजवा हात काच सरकवणाऱ्या चाकावर. यात एक अडचण अशी आली की हात खोटं मोजायला तयार होईना. कडं दिसलं की अंगठा दाबला जायचा, नाही दिसलं की दाबला जायचा नाही. बत्तीस वर्षांत त्याला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. मग तिनं सोपा मार्ग काढला. खरा आकडा यंत्रावर येऊ द्यायचा, तो नेहमीप्रमाणे कच्च्या वहीत लिहायचा, आणि पक्क्या तक्त्यात उतरवताना रेघेच्या काचेला तीन वाढवायचे, बिनरेघेच्या काचेतून दोन काढायचे. अकराचे चौदा व्हायचे, अकराचे नऊ व्हायचे. पहिल्या दिवशी तिच्या कानशिलाशी रक्त ठकठकलं. तिसऱ्या दिवशी ती गुणगुणत होती. पाचव्या दिवशी सर मागे येऊन उभे राहिले आणि कसं वाटतंय म्हणून त्यांनी विचारलं. तिनं भिंगातून डोळे न काढता सांगितलं की मी मोजते, वाटून घ्यायचं काम तुमचं. सर हसले. त्यांना हे उत्तर फार आवडलं, त्यांनी ते संध्याकाळपर्यंत आणखी दोघांना ऐकवलं. मधूनच काच बदलताना तिच्या मनात यायचं की ही दादाची असेल. हा जो गोल मेलेला आहे, ज्याच्याभोवती सात राखणदार जमलेत, तो दादाच्या बेंबीशेजारचा असेल. ती काच थोडी जास्त वेळ भिंगाखाली राहायची आणि मग तिच्याही आकड्यात ठरलेली भर किंवा घट व्हायची. बावीस वर्षांत ती एवढी शांत झोपली नव्हती.

क्रमांक उघडायच्या दिवशी बैठकीच्या खोलीत गर्दी होती. आकडेवारी बघणाऱ्या बाईनं पाकीट फोडलं, यादी संगणकात भरली आणि पडद्यावर दोन खांब उभे राहिले. आधीचा खांब चौदाचा. नंतरचा नऊचा. खोलीत कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. कडी एक तृतीयांशाहून अधिक घटली होती. ती खांबांकडे बघत राहिली. खांब उलटे लागलेत, आता ती बाई म्हणेल की चुकलं, असं तिला काही क्षण वाटत होतं. त्या बाईनं रिकामं पाकीट चुरगळून टोपलीत टाकलं. सर उठले, त्यांचे डोळे खरोखरच ओले झाले होते. ते म्हणाले की या कामात एका माणसाची नजर नसती तर आपण इथे नसतो, आणि या निबंधावर दुसरं नाव ताईंचं असेल. पहिलं अर्थातच त्यांचं. पुन्हा टाळ्या झाल्या. तिला उभं राहावं लागलं. बावीस वर्षं जे मागायलाही तिची जीभ रेटली नव्हती ते तिला मिळालं होतं, पूर्ण नावानिशी, पंधरा माणसांसमोर, आणि ते तिनं स्वतः रचलेल्या खोट्यावर मिळालं होतं. तिनं मान खाली घातली. लोकांना वाटलं ताई भारावल्या.

ती थेट धाकटीच्या खोलीत गेली. काप कुठल्या क्रमानं काढलेस, म्हणून तिनं विचारलं. धाकटी गोंधळली, काही चुकलं का म्हणाली. काही चुकलं नाही, नुसतं सांग, असं तिनं म्हटल्यावर धाकटीनं खोका काढून दाखवला. पहिल्या खेपेचे ठोकळे तळाशी, दुसऱ्या खेपेचे त्यांच्यावर.

"वरून घेतले, ताई. तुम्हीच शिकवलंय ना. खालचा ठोकळा ओढायचा नाही, वरच्यांचे कोपरे उडतात."

शिकवलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, याच खोलीत, धाकटीच्या पहिल्याच आठवड्यात, तिच्या हातावर फटका मारून शिकवलं होतं. म्हणजे नंतरचे ठोकळे आधी कापले गेले, धड पात्यावर, आणि आधीचे मागून, दात पडलेल्या पात्यावर. जगातला दुसरा कोणीही माणूस असता तर त्याला रेघ दिसलीच नसती. दिसली असती तरी तिचा अर्थ लावता आला नसता. आपल्या हुशारीनं आपला केसानं गळा कापला, हे धाकटीला सांगावं आणि दोघींनी पोटभर हसावं असं तिला एकदम वाटलं. त्याऐवजी ती छान केलंस म्हणाली आणि आपल्या टेबलावर येऊन कच्ची वही उघडून बसली. उघडलेल्या क्रमांकांची यादी आता तिच्याकडेही आली होती. तिनं खरे आकडे दोन रांगांत मांडले, बेरीज केली, भागलं. आधीचे शंभरात अकरा. नंतरचे शंभरात अकरा. तिनं पुन्हा बेरीज केली, पुन्हा अकरा आले. गोळीनं काहीही केलेलं नव्हतं. राखणदार जिथल्या तिथे बसून होते. तिनं नुसतं खरं मोजून खरं लिहिलं असतं, ज्याचा तिला पगार मिळत होता तेवढंच केलं असतं, तर आज त्या खोलीत टाळ्या वाजल्या नसत्या. तिचा सूड आयता वाढून ठेवलेला होता, आणि तिनं त्यात हात घालून नासवला होता. तिला सरांपेक्षाही आता स्वतःचा राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही; जुना राग घरचा होता, तो लगेच आपल्या जागेवर येऊन बसला. तिनं कोरा कागद घेतला.

पत्र संस्थेच्या तपास समितीच्या नावे होतं. तिनं काय केलं, कसं केलं, रेघ कशी ओळखली, किती वाढवलं, किती काढलं, सगळं लिहिलं. मोजणारे दोन असायला हवे होते आणि सरांनी एकावर काम भागवलं, हेही लिहिलं, आणि ते वाक्य लिहिताना तिनं पेन जरा जोरात दाबलं. कच्ची वही सोबत जोडली. खाली आपलं पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट, सुवाच्य. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतील हे तिला माहीत होतं आणि त्याचं तिला हसू येत होतं. बुडायचंच आहे तर त्याची मानगूट धरून बुडायचं, एवढाच तिचा हिशेब होता. पत्र देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी तिला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पत्राची प्रत होती. ते ओरडले असते तर तिला आवडलं असतं, पण ते एकदम म्हातारे दिसत होते. का, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीची ती सोमवारची बैठक, ट्रे, फुटक्या काचांचा डबा, पोस्टर, कोपऱ्यातली घडी. सांगताना तिचा आवाज कापला नाही, याचा तिला अभिमान वाटला. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं, कपाळाला आठ्या घालून, मनापासून.

"कुठली काच, ताई?" ते म्हणाले. "मला खरंच आठवत नाही."

ते खोटं बोलत असते तर तिला कळलं असतं. तिनं खुर्ची सरकवली आणि उठून बाहेर आली. सरांचं पद महिनाभरातच गेलं, चौकशी लागली, निबंध छापायला गेलाच नाही, भिंतीवरचं जुनं पोस्टरसुद्धा कोणीतरी उतरवलं. तिला तर त्या भेटीच्या दिवशीच घरी बसवण्यात आलं. जे हवं होतं ते सगळं झालं. पण ती चौकशी, ते पद, तो मान हे सगळं पुढचं. त्या दुपारी ती पिशवीत आपला पेला, डबा आणि चष्म्याचं घर भरून नेहमीच्या वेळेच्या आधी घरी पोचली, आणि दादा दारातच उभा होता. रुग्णालयातून त्याला फोन आला होता. गोळ्या थांबवा, उरलेल्या परत आणून द्या, जास्त काही आम्हालाही माहीत नाही. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याला सगळं सांगितलं. आपण हे त्याला आधी सांगायला हवं होतं, पत्राच्या आधी, मोजायला बसायच्याही आधी, हे तिला सांगता सांगताच कळत गेलं.

दादा टेबलावरच्या खारट बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत होता, काढत होता.

"यातल्या दोन काचा माझ्या होत्या."

"हो."

"आता तुला माहीत आहे कुठल्या?"

"यादी उघडल्यावर कळलं."

"माझ्यावर किती वाढवलेस?"

"आधीच्या काचेवर तीन."

"आणि नंतरच्या?"

"त्यातून दोन काढले."

"तू तर त्याला बुडवायला निघाली होतीस. म्हणजे त्यात माझी गोळीही जाणार होती. ते तुला माहीत होतं."

तिनं मान डोलावली. दादानं झाकण नीट दाबून बसवलं. दुसऱ्याच कोणीतरी आधी उघडून बिघडवलेलं घड्याळ गिऱ्हाईकानं पुढ्यात ठेवलं की तो जसा बघायचा, तसा त्यानं तिच्याकडे बघितलं, रागानं नाही, कुठे कुठे काय काय मोडलंय ते पाहावं तसं. मग तो आपल्या खोलीत गेला. त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला, नळ नीट बंद कर, विजेचं बिल आलंय, असं. सकाळचं चालणं त्यानं सोडलं. गोळ्यांची पाकिटं त्यानं परत नेऊन दिली, तिनं स्वतः त्याला रिक्षात बसवून दिलं होतं. पण एक पाकीट त्यानं ठेवून घेतलं होतं. रोज सकाळी, ती चहा घेऊन समोर येऊन बसेपर्यंत तो थांबायचा, मग पाकीट दाबून गोळी तळहातावर घ्यायचा.

चौथ्या दिवशी तिला राहवलं नाही. "दादा, त्या गोळीनं काही होत नाही. मी मोजलंय."

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि तिच्याकडे बघत बघत त्यानं ती गिळली.